स्पेनची ‘यादवी’ आणि वृत्तपत्रांचे शब्द

मार्च १९३७ मध्ये माद्रिदच्या ईशान्येस ग्वादालाहारा येथे मोठी लढाई झाली. जनरल फ्रँकोच्या बाजूने लढण्यासाठी मुसोलिनीने धाडलेल्या तुकड्यांचा त्या लढाईत दारुण पराभव झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बातमीदार हर्बर्ट मॅथ्यूज प्रजासत्ताकाच्या बाजूने रणभूमीवर गेला. त्याने मृतदेह पाहिले, टाकून दिलेली शस्त्रे आणि कागदपत्रे पाहिली, कैद्यांशी त्यांच्याच भाषेत संभाषण केले. त्याआधी अ‍ॅबिसिनियाच्या युद्धात तो इटालियन फौजेबरोबर हिंडलेला होता, त्यामुळे या बाबतीत त्याची गफलत होण्याचा संभव नव्हता. हे सैनिक इटालियन आहेत, निव्वळ इटालियन आहेत, अशा आशयाचे वाक्य त्याने तारेने न्यूयॉर्कला पाठवले.

तिकडे कचेरीत रात्रपाळीच्या संपादकांनी त्या तारेवर लेखणी फिरवली. ‘इटालियन’ हा शब्द जागोजागी काढून त्याच्या जागी ‘बंडखोर’ हा शब्द घातला. परिणामी छापील अंकात मॅथ्यूजचे वाक्य, हे सैनिक बंडखोर आहेत आणि निव्वळ बंडखोर आहेत, असे अवतरले. वाक्याचा सांगाडा तोच, व्याकरण निर्दोष, फक्त अर्थ तेवढा नाहीसा झालेला!

एका विशेषणासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या विशेषणावर युरोपचे राजकारण टांगलेले होते. जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या निर्वाचित सरकारविरुद्ध सेनापतींनी उठाव केला, आणि लगेचच ब्रिटन व फ्रान्स यांच्या पुढाकाराने परकी सत्तांनी या युद्धात हस्तक्षेप करू नये असा करार झाला. त्या करारावर जर्मनी आणि इटली यांनीही सह्या केल्या होत्या. या कराराचा आधार घेऊन स्पेनच्या सरकारला शस्त्रे विकत देण्याचे नाकारले जात होते. म्हणजे रणांगणावर इटलीची सेना आहे असे एकदा छापले की करार मोडला गेला हे मान्य करावे लागणार, आणि तो मोडला गेला तर शस्त्रबंदीला आधार उरणार नाही. ‘बंडखोर’ म्हटले की हा सारा प्रश्न स्पेनच्या घरातला राहतो. मुसोलिनीने आपल्या या सेनेचे अधिकृत नावच मुळी ‘स्वयंसेवक’ असे ठेवले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. फौज पाठवण्याच्या आधी शब्द पाठवायचा असतो, हे त्याला चांगले कळत होते.

युद्धातल्या पक्षांना काय म्हणावे यावरून त्या काळच्या वृत्तपत्रांची सरळ वाटणी करता येते. सरकारी बाजूला कोणी ‘सरकार’ म्हणे, कोणी ‘प्रजासत्ताकवादी’, अमेरिकेत ‘लॉयलिस्ट’ असा शब्द रूढ झाला, आणि ज्यांना ती बाजू नकोशी होती ते एका शब्दात ‘लाल’ म्हणून मोकळे होत. फ्रँकोच्या बाजूला ‘बंडखोर’, ‘फॅसिस्ट’ किंवा ‘राष्ट्रवादी’ असे म्हणत. लंडनचा ‘डेली मेल’ कोणता शब्द वापरणार आणि ‘न्यूज क्रॉनिकल’ कोणता, हे अंक न उघडता सांगता आले असते. शीर्षकातल्या पहिल्याच नामाने निकाल दिलेला असे, बातमी नंतर यायची.

हे शब्द मराठीत आणू गेल्यास काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ‘लॉयलिस्ट’चा सरळ प्रतिशब्द ‘राजनिष्ठ’. पण ज्या देशाचा राजा १९३१ मध्येच देश सोडून गेला तेथे राजनिष्ठ कोण? शिवाय १९३७ च्या मराठी वाचकाच्या कानाला ‘राजनिष्ठ’ म्हणजे रावबहादुरकीवर डोळा ठेवून साहेबाच्या दरबारात मुजरा करणारा. उलट ‘राष्ट्रवादी’ हा शब्द त्या काळी आपल्याकडे बहुमानाचा. त्यामुळे फ्रँकोला ‘राष्ट्रवादी’ म्हणताच त्याच्या अंगावर अनायासे चांगले वस्त्र चढते. ‘बंडखोर’ या शब्दाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. १८५७ ला ‘शिपायांचे बंड’ म्हणायचे की ‘स्वातंत्र्यसमर’, या एका प्रश्नावर सावरकरांनी ग्रंथ लिहिला आणि सरकारने त्यावर बंदी घातली. ‘बंड’ म्हणणे म्हणजे अधिकार कोणाचा हे आधीच ठरवून टाकणे. शब्दकोशातील प्रतिशब्द बरोबर असूनही अनुवाद पक्षपाती होतो तो असा, आणि अनुवादकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

एवढेच नव्हे, तर ज्या शब्दाने आपण या साऱ्या प्रकरणाला ओळखतो तो ‘यादवी’ हा शब्दही निरागस नाही. प्रभासक्षेत्री यादवकुळ आपापसात लढून नष्ट झाले, त्यावरून हा शब्द आला. भाऊबंदांनी भाऊबंदांना मारावे, बाहेरच्या कोणाचा हात नसावा, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. हिटलरचे विमानदळ आणि मुसोलिनीच्या पलटणी ज्या युद्धात उतरल्या, सोव्हिएत रणगाडे आणि वैमानिक ज्यात दुसऱ्या बाजूने लढले, त्याला ‘यादवी’ म्हणताना आपणही नकळत त्या रात्रपाळीच्या संपादकाचेच काम करतो. दुसरा सुटसुटीत शब्द नाही म्हणून मी या लेखाच्या शीर्षकात तोच ठेवला आहे, मात्र अवतरणचिन्हांत.

आता ज्या गावाच्या नावाने हे युद्ध जगाच्या स्मरणात राहिले त्या गावाकडे वळू. बास्क लोकांचे गेर्निका हे पाच-सहा हजार वस्तीचे बाजारगाव. त्याचे महत्त्व वस्तीवरून ठरत नव्हते. तेथील ओक वृक्षाखाली बास्क लोकांचे जुने हक्क पाळण्याची शपथ राजे लोक शतकानुशतके घेत आले होते. ऑक्टोबर १९३६ मध्ये बास्क प्रांताला स्वायत्तता मिळाली तेव्हा होसे अँतोनियो आगिरे यांनी अध्यक्षपदाची शपथ याच वृक्षाजवळ घेतली. २६ एप्रिल १९३७ हा सोमवार, म्हणजे बाजाराचा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमारास विमाने आली आणि सुमारे तीन तास हल्ला चालू राहिला. आधी स्फोटक बाँब, मग आग लावणारे बाँब आणि पळणाऱ्यांवर मशीनगनचा मारा. विमाने बहुतांशी जर्मनीच्या कोंडोर दलाची होती, त्यांच्या जोडीला काही इटलीची.

लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार जॉर्ज स्टीअर त्या दिवशी बिल्बाओत होता. बातमी कळताच तो इतर दोन-तीन बातमीदारांसह रात्री गाडीने निघाला आणि जळत्या गावात पोहोचला. त्याने वाचलेल्यांच्या जबान्या घेतल्या, न फुटलेले आग्याबाँब उचलून पाहिले, त्यांवरील जर्मन खुणा टिपून घेतल्या. २८ एप्रिलला त्याचा वृत्तांत लंडनमध्ये ‘टाइम्स’ने आणि अमेरिकेत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापला. त्या वृत्तांताची भाषा मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. आक्रोश नाही, विशेषणांची खैरात नाही. विमानांचे प्रकार, बाँबचे वजन, वेळ, दिशा. शस्त्रास्त्रांचा कारखाना गावाबाहेर होता तो शाबूत राहिला आणि गाव जळाले, एवढे सांगून तो पुढे जातो. मात्र विमाने जर्मन होती हे तो स्पष्ट सांगतो. मॅथ्यूजच्या तारेतून जो शब्द गळला तो स्टीअरच्या तारेत टिकला, आणि म्हणून ती तार जगभर गेली. दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या ‘ल्युमानिते’ने ती फ्रेंचमध्ये छापली. पिकासोच्या प्रसिद्ध चित्रामागे पॅरिसच्या पत्रांतील हेच वृत्तांत होते.

फ्रँकोच्या गोटातून पहिले उत्तर आले ते असे की आगिरे खोटे बोलतो. मग सांगण्यात आले की हवामान खराब असल्यामुळे आमची विमाने उडालीच नाहीत. हे निवेदन २७ तारखेविषयीचे होते, आणि हल्ला २६ ला झालेला होता. खोटे न बोलता खोटे सांगण्याचा हा नमुना आहे. त्यानंतर तिसरा आणि कायमचा दावा आला. बास्क ‘लालांनी’ माघार घेताना आपलेच गाव पेटवले आणि सुरुंगाने उडवले. २९ एप्रिलला फ्रँकोच्या सैन्याने गेर्निका घेतले. मग त्या बाजूच्या परदेशी बातमीदारांना अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गाव दाखवण्यात आले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा त्या बाजूचा बातमीदार विल्यम कार्नी याने मे महिन्याच्या आरंभी कळवले की बहुतेक नाश आगी आणि सुरुंग यांमुळे झालेला असू शकतो. फ्रान्सच्या हावास वृत्तसंस्थेनेही याच धर्तीचा मजकूर पाठवला. एकाच आठवड्यात, एकाच पत्रात, एकाच गावाच्या दोन कहाण्या.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे धोरण असे की दोन्ही बाजूंना बातमीदार, दोन्ही बाजूंना सारखी जागा, सारखा मान. वरवर पाहता याहून न्याय्य काय असणार? पण या तोलाने झाले काय, तर प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली गोष्ट आणि अधिकाऱ्याने हाताला धरून दाखवलेली गोष्ट यांचे वजन सारखे ठरले. डिसेंबर १९३७ च्या अखेरीस तेरुएलच्या लढाईत याचा कळस झाला. फ्रँकोच्या सैन्याने शहराची मुक्तता केली अशी रसभरित तार कार्नीने पाठवली आणि नववर्षाच्या अंकात ती झळकली. मॅथ्यूज धडपडत पुन्हा तेरुएलमध्ये गेला. शहर अजून प्रजासत्ताकाच्या ताब्यातच होते. कार्नीने ज्याचे वर्णन केले होते ते त्याने पाहिलेलेच नव्हते. सारखी जागा देणे म्हणजे समदृष्टी नव्हे, ती पुष्कळदा केवळ संपादकाची सोय असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनच्या ‘टाइम्स’ने स्टीअरची तार छापली खरी, पण तिचे ओझे त्या पत्राला झेपले नाही. संपादक जेफ्री डॉसन याचे धोरण जर्मनीला दुखवू नये असे होते. मे १९३७ मध्ये आपल्याच एका बातमीदाराला लिहिलेल्या खाजगी पत्रात त्याने कबुली दिली की जर्मनांना लागेल असे काही अंकात येऊ नये म्हणून आपण रोज रात्री जिवाचे रान करतो. जर्मन पत्रांनी मात्र ‘टाइम्स’वर झोड उठवली. त्यांपैकी एका शोधाची नोंद येथे करावीशी वाटते. ‘टाइम्स’ या शब्दाची रोमन अक्षरे उलटी वाचली की ‘सेमित’, अर्थात ज्यू, असा शब्द होतो, हा त्यांचा पुरावा! भाषाशास्त्राचा इतका विपरीत उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पुढे ‘टाइम्स’ने फ्रँकोच्या बाजूला जो तरुण बातमीदार नेमला त्याचे नाव किम फिल्बी. त्याच्या तारा फ्रँकोला इतक्या अनुकूल असत की तेरुएलजवळ तोफगोळ्याने जखमी झाल्यावर १९३८ मध्ये खुद्द फ्रँकोने त्याच्या छातीवर पदक लावले. तो त्या वेळी सोव्हिएत हेर होता. त्या तारा वाचून मत बनवणाऱ्या वाचकाची कीव करावी की नाही, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की असत्य एकाच बाजूला होते. तसे नव्हते. नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून दोन हजारांहून अधिक कैद्यांना बाहेर काढून पाराकुएयोस येथे व आसपास ठार मारण्यात आले. परदेशी वकिलातींतील माणसांनी आणि रेडक्रॉसच्या प्रतिनिधीने त्याचा माग काढला. त्याच शहरात, ग्रान व्हिया रस्त्यावरील टेलिफोन इमारतीतून, जगातील नामवंत बातमीदार रोज तारा पाठवत होते. शहराच्या शौर्याची वर्णने त्या तारांतून ओसंडून वाहत होती. कैद्यांविषयी जवळजवळ मौन. सेन्सॉरचा पहारा होता हे खरे, पण पहारा नसता तरी कितीजणांनी लिहिले असते? ज्या पक्षाचा न्याय आपल्याला पटलेला आहे त्याच्या अपराधाकडे डोळेझाक करायला सेन्सॉर लागत नाही.

ब्रिटिश कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’चा बातमीदार क्लॉड कॉकबर्न याने तर पुढची पायरी गाठली. १९३८ च्या वसंतात फ्रान्सचे पंतप्रधान लेआँ ब्लूम शस्त्रांसाठी सरहद्द उघडावी की नाही या विवंचनेत होते. फ्रँको डळमळीत झाला आहे असे त्यांना वाटावे म्हणून कॉकबर्न आणि त्याचा सहकारी ओटो काट्झ यांनी पॅरिसमध्ये बसून मोरोक्कोतील तेतुआन येथे फ्रँकोविरुद्ध उठाव झाल्याची सविस्तर बातमी रचली. दोघांपैकी एकानेही तेतुआन पाहिलेले नव्हते. प्रवासी मार्गदर्शिकांतील नकाशे समोर ठेवून कोणत्या रस्त्यावर गोळीबार शक्य आहे हे ठरवण्यात आले. कॉकबर्नने ही हकीकत पुढे स्वतःच सांगितली, आणि पश्चात्तापाने नव्हे. फ्रँकोच्या विजयाने जे होणार होते त्यापेक्षा ही लबाडी क्षुद्र होती, असा त्याचा युक्तिवाद. तो ऐकताना मन क्षणभर डगमगते हे कबूल केले पाहिजे. परंतु मग गेर्निका बास्कांनीच जाळले असे लिहिणाराही आपल्या ध्येयासाठीच लिहीत होता, आणि दोघांना वेगळे काढायला आपल्याजवळ ध्येयाखेरीज काही उरत नाही.

जॉर्ज ऑर्वेल प्रजासत्ताकाच्या बाजूने बंदूक घेऊन लढला, मानेत गोळी लागून परतला. मे १९३७ मध्ये बार्सेलोनात सरकारी बाजूचेच गट एकमेकांशी रस्त्यात लढले, तेव्हा तो तेथे होता. इंग्लंडात येऊन त्याने डाव्या पत्रांतील वृत्तांत वाचले आणि तो थक्क झाला. ज्या लढाया झाल्याच नाहीत त्यांची वर्णने, आणि ज्यांत शेकडो माणसे मेली त्यांच्याविषयी अक्षर नाही. त्याचा त्याविषयीचा लेख ‘न्यू स्टेट्समन’ या डाव्या साप्ताहिकाने नाकारला. तो दुसऱ्या एका लहान पत्रात आला.

पक्षपाताचा आणखी एक प्रकार आहे, त्यात कोणी खोटे लिहीत नाही. लुई देलाप्रे हा ‘पारी-स्वार’ या अफाट खपाच्या पत्राचा बातमीदार. त्या पत्राला राजकारणाशी फारसे देणेघेणे नव्हते. नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदवर बाँब पडत होते, आणि देलाप्रे रोज पाहिलेले लिहून पाठवत होता. तेव्हाच इंग्लंडच्या आठव्या एडवर्डचे मिसेस सिम्पसन यांच्यावरील प्रेमप्रकरण जाहीर होण्याच्या बेतात होते. देलाप्रेच्या तारांपैकी बऱ्याचशा छापल्याच गेल्या नाहीत. अखेरच्या तारेत त्याने संपादकांना कडवटपणे सुनावले की शंभर स्पॅनिश मुलांची कत्तल ही मिसेस सिम्पसन यांच्या एका उसाशापेक्षा कमी मोलाची आहे हे मला कळून चुकले. परतीच्या प्रवासात त्याच्या विमानावर गोळीबार झाला आणि ११ डिसेंबर १९३६ रोजी त्याचा मृत्यू झाला. एडवर्डने सिंहासन सोडले तोही दिवस हाच.

या युद्धाचे पडसाद हिंदुस्थानात उमटले होते. जून १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरू कृष्ण मेननसह बार्सेलोनाला जाऊन आले. स्पेनमध्ये काम करून आलेले डॉ. अटल त्याच वर्षी चीनला गेलेल्या काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, आणि त्या पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. पण येथल्या वाचकापर्यंत दूरच्या युद्धाची बातमी यायची ती मुख्यत्वे रॉयटरच्या तारेतून, म्हणजे लंडनमध्ये निवडलेल्या शब्दांतून. नेहरूंना स्वतः जाऊन पाहावेसे वाटले याचे एक कारण यातही असावे.

गेर्निकातील मृतांचा आकडा बास्क सरकारने १,६५४ सांगितला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज बरेच कमी, काहींच्या मते दीडशे ते तीनशेच्या दरम्यान आहेत. फ्रँकोची तळी उचलणाऱ्यांनी या तफावतीचा पुरेपूर उपयोग केला, जणू आकडा खाली आला की विमानेही जर्मनीला परत जातात. गाव बास्कांनीच जाळले ही कथा फ्रँकोच्या स्पेनमध्ये तीन दशकांहून अधिक काळ अधिकृत सत्य म्हणून टिकली. तिचे धागे उसवले ते हर्बर्ट साउथवर्थ या अमेरिकन अभ्यासकाने. त्याने बाँबपेक्षा तारांचाच पाठपुरावा केला. कोणत्या कचेरीतून कोणती तार किती वाजता निघाली, वाटेत कोणी बदलली, कोणत्या पत्राने काय गाळले, हे त्याने एकेक करून तपासले. त्याचा ग्रंथ १९७५ मध्ये पॅरिसला निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रँको वारला. जर्मनीचे अध्यक्ष रोमान हेर्झोग यांनी वाचलेल्यांना पत्र पाठवून आपल्या देशाची जबाबदारी मान्य केली ती १९९७ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी.

स्टीअर मात्र हे पाहायला उरला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात शिरला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी सैनिकांना उद्देशून प्रचार करणाऱ्या हिंदी सैन्याच्या पथकांचे काम त्याच्याकडे आले. १९४४ च्या नाताळाच्या दिवशी जीपच्या अपघातात तो मरण पावला. दुसऱ्यांचा प्रचार उघडा पाडणारा हा माणूस शेवटी ध्वनिक्षेपकावरून प्रचार करण्याच्या कामावर असताना गेला. त्यात त्याला विसंगती वाटत होती की नाही, कोणास ठाऊक.

त्या गावाच्या नावाची गोष्ट राहिली. स्पॅनिशमध्ये ‘ग्वेर्निका’ म्हणून लिहिले जाणारे नाव बास्क लोक ‘गेर्निका’ असे लिहितात. युद्धानंतर बास्क भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली, १९३८ च्या आदेशाने मुलांची बास्क नावे जन्मनोंदणीत घालणे बंद झाले, आणि थडग्यांवरची बास्क अक्षरेसुद्धा कोणाकोणाला पुसून घ्यावी लागली. पाटीवर आपल्या गावाचे नाव कोणत्या अक्षरांत आहे हे आधी पाहायची सवय सीमाभागातल्या वाचकाला आहे, त्याला यावर अधिक भाष्य नको. स्टीअरने आपल्या तारेत स्पॅनिश वळणाचेच नाव लिहिले, जगाने तेच उचलले आणि पिकासोच्या चित्रालाही तेच चिकटले. आज गावाच्या अधिकृत नावात बास्क रूप आहे: गेर्निका-लुमो.